पोस्टर फाडू नका: तरुण संघासाठी चार रविवारांची कृती

उपासना संपली की मुलं चर्चच्या आवारात घोळका करून मोबाइल उघडतात. कुणाचा जीव बीटीएस या गायक-गटावर, कुणाचा विराट कोहलीवर. आवड असण्यात गैर काहीच नाही. पण आवडता गायक गट सोडून गेला म्हणून पोर दोन दिवस नीट जेवत नसेल, तर कौतुकाच्या जागी आशा जाऊन बसली आहे. ती आशा प्रभू येशूवर ठेवायला मुलांना मदत करणं आपलं काम आहे.

कोणासाठी: १३ ते १८ वयाची आठ-दहा मुलं-मुली
वेळ: चार रविवार, उपासनेनंतर पाऊण तास, मधला एक शनिवार
साहित्य: पवित्र शास्त्र, प्रत्येकाला एक वही, फळा

१. पहिला रविवार: ऐका.
प्रत्येकाला आवडत्या कलाकाराबद्दल किंवा खेळाडूबद्दल विचारा, "तुला त्याच्यातलं काय भावतं?" मेहनत, आवाज, हरल्यावर पुन्हा उभं राहणं, जे सांगतील ते फळ्यावर लिहा. हसू नका, उपदेश करू नका. हे गुण देवाचीच देणगी आहेत, एवढंच शेवटी सांगा.

२. दुसरा रविवार: दोन रकाने.
वहीत डावीकडे "मला काय आवडतं", उजवीकडे "मी कशाची आशा धरतो". मग विचारा: दहावीत नापास झालो, आजी ससून रुग्णालयात आहे, जिवलग मैत्रिणीनं बोलणं टाकलं; त्या दिवशी यातलं काय उपयोगी पडेल? उत्तर तुम्ही देऊ नका. वह्या तपासू नका.

३. तिसरा रविवार: लुस्त्रची गोष्ट.
प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४ मुलांकडून संवादरूपात वाचून घ्या. लुस्त्र नगरातले लोक पौल आणि बर्णबाला देव मानून बैल आणि हार घेऊन येतात. दोघं कपडे फाडून त्यांना अडवतात, जिवंत देवाकडे वळायला सांगतात. पुढे बाहेरून आलेल्यांच्या चिथावणीनं तोच जमाव पौलावर दगड टाकतो. जमावाच्या प्रेमाचा भरवसा किती, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. मग योहान १० वाचा: तिथला मेंढपाळ प्रत्येक मेंढराला नावानं हाक मारतो आणि त्यांच्यासाठी जीव देतो.

४. शनिवार: केडगाव.
मुक्ती मिशनची परवानगी आधी घ्या. पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी केडगावला थांबते. वाटेत हे मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगा. १८७८ मध्ये, अवघ्या विशीत, कलकत्त्यानं त्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. त्याआधीच दुष्काळात आईवडील गेले होते. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला; तरी ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थानं सापडायला पुढे काही वर्षं लागली, असं त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवलं आहे. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत चालवलं. मुलांना विचारा: टाळ्यांनी त्यांना काय दिलं नव्हतं?

५. चौथा रविवार: पत्र आणि माणूस.
उजव्या रकान्यातली एक आशा निवडून प्रत्येकानं येशूला पत्र लिहावं. शंका आणि राग असेल तर तोही लिहावा. मग पालकांच्या संमतीनं प्रत्येक मुलाला मंडळीतले एक काका किंवा मावशी जोडून द्या. त्यांनी मुलासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करावी आणि परीक्षेच्या तारखा लिहून ठेवाव्यात.

हे टाळा
• मोबाइल हिसकावणं. आशा हातातून काढून घेता येत नाही.
• एका पोस्टरच्या जागी दुसरं लावणं. यूट्यूबवरचा प्रवचनकार, आपले पाळकसाहेब, रमाबाईसुद्धा. ही सगळी येशूकडे बोट दाखवणारी माणसं. बोटाला धरून बसू नये.

६. शेवटची पायरी: निकालाचा दिवस.
त्या दिवशी मुलाच्या घरी जा. गुण कमी असतील तर नक्की जा. फार बोलू नका. चहा घ्या, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. मेंढपाळ नावानं हाक मारतो हे त्यानं तिसऱ्या रविवारी वाचलं होतं. आज त्याच्या घरात त्याचं नाव देवापुढे घेतलं जाताना त्याला ऐकू येईल.