पाहिल्याने कण बदलतो काय ?
(शंका-समाधान)

गेल्या एकादशीस खारदांड्यास भजन आटोपून टाळ पिशवीत भरणे चालू असता एका माळकरी मावशींनी आम्हांस गाठले. त्यांचे दोन्ही गुडघे धरलेले. दोन वर्षे पायी वारी चुकलेली. म्हणाल्या, "माउली, सायन्समध्ये म्हणे असं ठरलंय, की आपण बघितलं की कण बदलतो. शिबिरात सांगितलं, डोळे मिटून गुडघा बरा झालेला बघत जा, गुडघ्यातले कणपण बदलतील. दवाखाना सोडलाय मी. आता पुढच्या शिबिराचे पैसे भरायचेत. खरं काय ते सांगा."

वाचकहो, शंका लहान नाही. आणि आम्हीही यात कोरडे नाही. मागे एका प्रवचनात 'द्रष्ट्यावाचून दृश्य नाही, हे आता विज्ञानानेही मान्य केले' असे आम्हीच ठोकून दिले होते, आणि मंडळींनी माना डोलावल्या होत्या. तेव्हा पुढील समाधानात आमच्याही चुकीची दुरुस्ती आहे.

प्रथम मूळ प्रयोग पाहू. खडकांच्या दोन फटींतून लाटा आत शिरताना दांडेकरांनी पुष्कळदा पाहिल्या असतील. दोन्हीकडची लाट आत एकमेकींना भेटते. उंचवट्यावर उंचवटा आला की पाणी उसळते, उंचवट्यावर खळगा आला की तेथे पाणी निवते. असे पट्टे पडणे ही लाटेची खूण. दाणे फेकले तर असे पट्टे पडत नाहीत. आता इलेक्ट्रॉन हा अणूतला विजेचा कण, म्हणजे दाणा. परंतु 1927 साली अमेरिकेत डेव्हिसन व जर्मर यांना आणि ब्रिटनमध्ये जी. पी. थॉमसन यांना दिसले की हा दाणा लाटेसारखाही वागतो. पुढे 1989 साली जपानात तोनोमुरा यांनी इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले. समोर दोन वाटा. प्रत्येक कण पडद्यावर एकच ठिपका उमटवी; पण हजारो ठिपके जमले तेव्हा त्यांचे पट्टे झाले! एकटा कण, बरोबर कोणी नाही, मग त्याची गाठ पडली कोणाशी? गणित सांगते की दोन्ही वाटांचा हिशेब धरल्यावाचून उत्तर येत नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. कण कोणत्या वाटेने गेला हे कळेल अशी सोय केली, की पट्टे नाहीसे होतात. 'पाहिल्याने कण बदलतो' हे वाक्य जन्मले ते येथे.

परंतु येथे 'पाहणे' म्हणजे काय? अंधारात टांगलेला दोरा शोधायचा तर हात लावावा लागतो, आणि हात लागला की दोरा हलतो. कणाला पाहायचे तर निदान प्रकाशाचा एक कण त्याच्यावर आदळावा लागतो. 1927 साली हायझेनबर्ग यांनी अशाच दृष्टांताने विषय मांडला. दृष्टांत सोपा आहे, पण तो पुरा पडत नाही. 1998 साली जर्मनीत रेम्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अणूच्या अंतरंगातच वाटेची खूण ठेवली. धक्का इतका नाममात्र, की त्याने पट्टे पुसले जाणे शक्य नव्हते. तरी पट्टे गेले. म्हणजे धक्क्यापेक्षा खूण उरणे महत्त्वाचे.

ती खूण कोणी वाचावी लागते काय? मावशींच्या शंकेची किल्ली याच प्रश्नात आहे. 2004 साली व्हिएन्नात 70 कार्बन अणूंचे रेणू तापवून अशाच प्रयोगातून पाठविले. तापलेली वस्तू प्रकाश टाकते, तसा रेणूही टाकू लागला, आणि त्या प्रकाशाबरोबर 'मी कोठे होतो' ही वार्ता बाहेर गेली. जसजसे जास्त तापविले तसतसे पट्टे फिके पडत गेले. तो प्रकाश कोणी गोळा केला नव्हता, की कोणा मनुष्याने पाहिला नव्हता. भिंतीवर जाऊन पडला असेल, एवढेच.

आपल्या मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, विजयराघवन यांच्या प्रयोगशाळेत याच विषयावर काम चालते. तेथली विजेची सूक्ष्म मंडले इतकी गार ठेवतात, की वजा 273 अंशांच्या अंतिम थंडीपासून ती अंशाच्या एक-दोन शतांशावर असतात. इतका खटाटोप कशाला? तर जराशी ऊब आत शिरली तरी तीच 'पाहून' जाते! याच विजयराघवन यांनी 2012 साली अमेरिकेत बर्कले येथे सहकाऱ्यांसह असे मंडल अगदी हलक्या हाताने पाहत राहून, बिघाड दिसेल तसा दुरुस्त करून, त्याची लय टिकवून दाखविली. दुरुस्ती सूक्ष्मलहरींनी केली. कोणाच्या इच्छेने ती झाली नाही. 2024 साली कुलाब्यास अशा सहा मंडलांच्या गणकयंत्राची चाचणीही झाली.

एक कोडे मात्र शिल्लक आहे, ते लपवू नये. ठिपका येथेच का उमटला, तेथे का नाही, याविषयी शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. विग्नर यांच्यासारख्या थोर पंडिताने 1961 साली चेतनेकडे बोट दाखविले होते. आमच्यासारखे लोक तेवढेच उचलतात. पुढे विग्नर यांनी स्वतःच ते मत सोडले, हे मात्र कोणी सांगत नाही. शिवाय चेतनेचा पक्ष क्षणभर मानला, तरी पाहणाऱ्याला प्रश्न निवडता येतो, उत्तर निवडता येत नाही. 'बरा गुडघा पाहीन' म्हणून तो उमटत नसतो.

आणि गुडघा तर ऊबदार! त्यातला कण न् कण शेजाऱ्यावर क्षणोक्षणी आदळतो आहे, म्हणजे सदाच 'पाहिला' जातो आहे. मिटल्या डोळ्यांनी आणखी पाहायचे तेथे काय उरले? (डोळे मिटून नाम घेणे ही वेगळी गोष्ट. त्याला प्रयोगशाळेचा दाखला कोणी मागितलेला नाही.)

मावशींनी सारे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे त्या तापल्या कणाला कोणीच बघितलं नव्हतं, तरी तो बदललाच?"

"होय."

"आन् मी तीन महिने बघतेय, तरी गुडघा तसाच." जरा थांबून म्हणाल्या, "केसपेपर कुठं ठेवलाय तो शोधते. सोमवारी दवाखाना उघडा असतो ना हो?"

उघडा असतो, असे आम्ही सांगितले.