खाडीकडून समुद्राकडे

मालवणच्या दक्षिणेस, तारकर्लीच्या पुढे देवबाग हे गाव वसले आहे. एका अंगास अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी. या दोन पाण्यांच्या मध्ये वाळूची एक चिंचोळी पट्टी, तिच्यावर माडांची बने आणि माडांच्या सावलीत विखुरलेली घरे. खाडीचे पाणी संथ, तर समुद्राचे सदा खवळलेले. रापणीवर जन्म घालविलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या घरी अशी रीत होती की, लहान मुलास पाण्याची ओळख करून द्यावयाची ती खाडीच्या काठी. आधी घोट्याइतके पाणी, मग गुडघ्याइतके. आणि सारा वेळ वडील माणसाचा हात मुलाच्या हाती. समुद्राच्या लाटेशी गाठ पडे ती त्यानंतर.

या वृद्धांना पाच वर्षांचा एक नातू होता. घरात दूरदर्शन संच होता, आणि ‘छोटा भीम’ ही मालिका म्हणजे त्या बालकाचा जीव की प्राण. हैदराबादच्या राजीव चिलका यांनी निर्माण केलेली ही चित्रमालिका २००८ साली सुरू झाली होती. ढोलकपूर राज्यात राहणारा, लाडू खाताच अंगात बळ संचारणारा भीम. त्याची मैत्रीण चुटकी, धिटुकला राजू, बोलके माकड जग्गू आणि भीमाशी सदा स्पर्धा करणारा कालिया ही सारी मंडळी त्या बालकास शेजारच्या घरातील मुलांइतकी ओळखीची झाली होती. आजोबांच्या मांडीवर बसून, हातात लाडू धरून तो भीमाचे पराक्रम पाही. मध्येच वीज जाई, पडदा काळा होई, आणि मग त्याचा प्रश्न ठरलेला असे :

“आजोबा, लाइट गेल्यार भीम खंय जाता?”

आजोबा हसत, पण या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

२०१२ सालच्या मे महिन्यात आजोबा नातवाला घेऊन धाकट्या मुलाकडे मुंबईस गेले. त्याच महिन्याच्या १८ तारखेस ‘छोटा भीम अँड द कर्स ऑफ दम्यान’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दूरदर्शन संचावरील भीम आता मोठ्या पडद्यावर आला होता. काकांनी हौसेने तिकिटे काढली. बालकाच्या आनंदास पारावार उरला नाही. सातवीत शिकणारी त्याची चुलतबहीणही बरोबर निघाली.

परंतु चित्रपटगृह म्हणजे काही घरची ओसरी नव्हे. दारे लागली, दिवे मालवले आणि गडद अंधार पसरला. घरी जो भीम वीतभर दिसे, तो येथे माडाएवढा होऊन उभा राहिला. आवाज चारी बाजूंनी येऊ लागला. प्रथम बालक टाळ्या पिटीत होता. पण सोनापूर नगरीत शापाने कोंडलेला दम्यान नावाचा राक्षस पडद्यावर गर्जू लागताच त्याच्या टाळ्या थांबल्या. त्याने आजोबांच्या सदऱ्यात तोंड लपविले आणि रडवेल्या स्वरात म्हटले, “आजोबा, भायर जावया.”

बहिणीस हसू आवरले नाही. “अरे, ही नुसती चित्रे आहेत! इतका कसला भित्रा तू!” असे ती म्हणाली. काकांनाही वाटले, की पैसे मोजून तिकिटे काढली आहेत, थोडा वेळ दटावून बसविले तर मूल आपोआप रुळेल. आजोबांचे मन क्षणभर द्विधा झाले. नातू भित्रा ठरावा हे त्यांनाही रुचणारे नव्हते. पण त्यांना खाडीचा काठ आठवला. भ्यालेल्या मुलास बळाने लाटेत ढकलले, तर ते पोहावयास शिकत नाही. ते पाण्याचा आणि ढकलणाऱ्याचाही विश्वास धरीनासे होते. एक शब्दही न बोलता त्यांनी नातवास उचलून घेतले आणि ते बाहेरच्या दालनात आले.

तेथे उजेड होता. बालकाचे हुंदके हळूहळू ओसरले. तेव्हा आजोबांनी त्याला गावच्या जत्रेतील दशावताराची आठवण करून दिली. त्या रात्री काळ्या वेषातील संकासुरास पाहून हाच बालक किंचाळला होता. आजोबांनी दुसऱ्या वेळी खेळापूर्वी त्याला रंगपटात नेले. पेटाऱ्याजवळ आरसा घेऊन बसलेले नट स्वतःच्या हातांनी चेहरे रंगवीत होते. एक गडी लुगडे नेसून राणी होत होता. आणि संकासुर होणारा इसम चहा पीत होता. त्यानंतर संकासुर रंगभूमीवर आला, तेव्हा बालक भ्याला नाही. उलट त्याच्या गमती पाहून खदखदून हसला.

“ह्योय राक्षस कोणीतरी रंगवलेलोच आसा रे झिला,” आजोबा म्हणाले.

बालक विचारात पडला. थोड्या वेळाने तो आपणहून उठला आणि म्हणाला, “भितर जावया.” आजोबा त्याला घेऊन पुन्हा आत गेले, पण जुन्या जागी बसले नाहीत. दाराजवळच्या कडेच्या खुर्चीवर, वाटेल तेव्हा उठता येईल असे बसले. राक्षस दिसला की बालक डोळ्यांवर हात घेई आणि बोटांच्या फटीतून पाही. उरलेला चित्रपट त्याने असाच पाहिला.

घरी परतल्यावर बहिणीस आपल्या हसण्याची लाज वाटली. तिने एक जुनी वही घेतली. वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर तिने एक होडी काढली. प्रत्येक पानावर होडी किंचित पुढे सरकलेली आणि लाटेवर किंचित वर किंवा खाली. मग तिने अंगठ्याने पाने भराभर सोडली, तो होडी लाटांवर डुलत चालू लागली! बालक आश्चर्याने पाहतच राहिला. पाने सोडावयाचे थांबले की होडीही थांबे.

ज्याला आज सर्वत्र ॲनिमेशन म्हणतात, त्या कलेचे मर्म हेच आहे. पडद्यावरील कोणतेही चित्र प्रत्यक्षात हलत नसते. किंचित फरक असलेली स्थिर चित्रे एकामागून एक वेगाने डोळ्यांपुढे आली, म्हणजे आपला मेंदू त्या फरकास गती समजतो. चित्रपटात प्रत्येक सेकंदास साधारणपणे २४ चित्रे दाखविली जातात. म्हणजे एका मिनिटास १,४४० चित्रे झाली. पुष्कळदा एकच रेखाटन दोन वेळा वापरून श्रम वाचवितात, तरीही सेकंदास १२ रेखाटने लागतात. पूर्वी ही सर्व हातांनी काढीत. आता बरेचसे काम संगणकाच्या साहाय्याने होते. परंतु राक्षसाने डोळे केव्हा वटारावेत आणि भीमाने केव्हा हसावे, हे ठरविणारा कलावंत माणूसच असतो.

महाराष्ट्रास ही विद्या नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण करण्यापूर्वी, वाटाण्याच्या रोपाची वाढ ठराविक अंतराने थोडी थोडी चित्रित केली होती. ती सलग दाखविताच रोप पाहता पाहता वाढू लागले. पुढे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली व्यंगचित्रपटांचा विभाग सुरू झाला. राममोहन यांच्यासारखे कलावंत तेथे घडले. विजया मुळे यांचा १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ हा लघुपट दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचला. तो चित्रपट घरात आला होता; भीम मात्र घरातून चित्रपटगृहात गेला.

लहान मुलांनी चित्रपटगृहात भिणे हेही काही नवलाचे नव्हे. वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट’ १९३८ साली इंग्लंडमध्ये दाखविण्यात आला, तेव्हा त्यातील भीतिदायक प्रसंगांमुळे मुलांनी तो वडील माणसांसोबतच पाहावा असे तेथील परिनिरीक्षण मंडळाने ठरविले. आपल्याकडेही २०२४ सालच्या नियमांनुसार पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावयाच्या चित्रपटांचे सात, तेरा व सोळा वर्षे असे वयोगट केले आहेत. पण प्रमाणपत्र केवळ वय सांगते. आपल्या शेजारी बसलेले मूल या क्षणी हसत आहे की थरथरत आहे, हे त्याचा हात धरणाऱ्यासच कळते.

सुट्टी संपत आली. परतताना आजोबा नातवासह कुडाळ स्थानकावर उतरले आणि वाट वाकडी करून जवळच्या पिंगुळी गावी गेले. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या आहेत. तेथील परशुराम गंगावणे यांना याच कार्यासाठी २०२१ साली पद्मश्री हा सन्मान लाभला. चित्रकथीत रामायण-महाभारतातील प्रसंगांची रंगीत चित्रे एकामागून एक प्रेक्षकांपुढे धरतात आणि गायन-वादनाच्या साथीने कथा सांगतात. बालकाने ती चित्रे पाहिली, एका राक्षसाच्या चित्रावर धीटपणे बोट ठेवले आणि तो म्हणाला, “हो हलणा नाय!” चित्रे तीच, राक्षसही तेच; केवळ पाने सोडावयाचा वेग निराळा, हे त्याने आपल्या परीने ओळखले होते.

देवबागेत पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी पाऊसवाऱ्याने वीज गेली. भीम नाहीसा झाला. आजोबा नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहू लागले. पण या वेळी प्रश्न आला नाही. बहिणीने दिलेली वही बालकाने उराशी धरली होती. कंदिलाच्या उजेडात पाने सोडीत तो म्हणाला, “आजोबा, लाइट गेली तरी भीम वहीत ऱ्हवता.”

आजोबांनी पाहिले, तो होडीच्या पुढच्या कोऱ्या पानांवर वेडावाकडा भीम रेखाटलेला होता. त्याच्यासमोर मोठ्या डोळ्यांचा एक राक्षसही होता.

स्वाध्याय

१. मुलास पाण्याची ओळख करून देण्याची आजोबांची रीत कोणती? चित्रपटगृहात ती त्यांना का आठवली?
२. स्थिर चित्रे हलत असल्याचा भास कसा होतो, ते वहीतील होडीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. बहिणीचे हसणे व तिने नंतर केलेली कृती यांविषयी तुमचे मत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : पारावार नसणे, मन द्विधा होणे, वाट वाकडी करणे.
५. उपक्रम : जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर उडणाऱ्या पक्ष्याची वीस चित्रे काढा व ती एखाद्या लहान मुलास दाखवा.