अतिशयोक्तीचे प्रयोजन

प्रश्न : अ‍ॅनिमेशनपटांतील पात्रांचे अवयव इतके अवास्तव का रेखाटतात?

उत्तर : नटाला मुद्रा आणि वाणी निसर्गतःच लाभलेली असते, रेखाटलेल्या पात्राला मात्र, मुखातून एक शब्द निघण्यापूर्वीच, आपल्या स्वभावाची सनद आकृतीवर मिरवावी लागते. म्हणूनच पिक्सारच्या २००९ सालच्या ‘अप’ या चित्रपटात वृद्ध कार्लचे मस्तक, जबडा, चष्मा, किंबहुना त्याची खुर्चीही चौकोनी घडविली, आणि पत्नी एलीच्या वाट्याला वर्तुळाकार रेषा दिल्या. चौकोन हट्टी व अचल, वर्तुळ प्रवाही व प्रेमळ, हा संकेत प्रेक्षकाच्या मनात नकळत उतरतो. तेव्हा अतिशयोक्ती म्हणजे विद्रूपीकरण नव्हे, तर स्वभावाच्या प्रधान लक्षणाला अग्रहक्क देऊन गौण तपशील खारीज करण्याची विवेकी कला होय.