स्वाध्यायलेखन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : कर्तृत्वनिश्चितीचा प्रश्न

‘हे शब्द कोणाचे?’ हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या अभ्यासाला नवा नाही. अपपाठांमुळे ज्ञानेश्वरीची संहिता अशुद्ध झाल्याचे पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांना उपलब्ध झाल्यापासून हाच प्रश्न पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या स्वाध्यायांत नव्या रूपाने उभा राहिला आहे. त्याचा विचार केवळ शिस्तीच्या अंगाने न करता संशोधनपद्धतीच्या अंगाने होणे अगत्याचे आहे.

प्रथम या साधनाचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. प्रचंड लेखनसंग्रहावरून शब्दांचे परस्परसंबंध आत्मसात करून, पुढे कोणता शब्द येणे संभवनीय आहे हे ठरवीत ते मजकूर रचते. अशी रचना म्हणजे ग्रंथ उघडून केलेला शोध नव्हे. तुकारामांचा विशिष्ट विषयावरील अभंग मागितल्यास अभंगाचा छंद, प्राचीन वळणाची क्रियापदे आणि अखेरीस ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा असलेली रचना ते देऊ शकते. मात्र ती गाथेच्या कोणत्याही आवृत्तीत आढळेलच असे नाही. नाममुद्रा हा कर्तृत्वाचा निर्णायक पुरावा नव्हे, हे संतवाङ्मयाच्या अभ्यासकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. असा अभंग एकदा स्वाध्यायात, तेथून प्रबंधात आणि पुढे संदर्भांत शिरला, तर तो आधुनिक काळातील प्रक्षेपच ठरेल. म्हणून प्रत्येक अवतरण मुद्रित आवृत्तीशी, अभंगक्रमांकासह, ताडून पाहणे ही पहिली अट होय.

दुसरी अट प्रकट नोंदीची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत वाङ्मयचौर्याचे स्तर साम्याच्या टक्केवारीवरून ठरविले गेले. यंत्राने नव्याने रचलेला मजकूर अन्य लेखनाशी शब्दशः जुळेलच असे नसल्याने ही मोजणी येथे अपुरी पडते. यंत्रलेखन ओळखणारी साधनेही निर्णायक नाहीत. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आणलेले असे साधन अचूकता कमी असल्याच्या कारणावरून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. तेव्हा केवळ यंत्राच्या निर्वाळ्यावरून विद्यार्थ्यास दोषी ठरविणे अन्यायाचे होईल. त्याऐवजी कोणते साधन, केव्हा, कोणत्या कामासाठी वापरले याची नोंद विद्यार्थ्याने स्वाध्यायाच्या अखेरीस द्यावी. शिक्षकाने कच्चे टिपण मागावे आणि निष्कर्षांविषयी प्रत्यक्ष चर्चा करावी.

साधनाचा सरसकट निषेध करण्याचे कारण नाही. अपरिचित संज्ञेचा प्राथमिक परिचय करून घेणे, स्वतः लिहिलेल्या मसुद्यातील विस्कळीतपणा शोधणे किंवा आपल्या प्रतिपादनावर आक्षेप मागविणे, हे उपयोग विभागाच्या नियमांत बसत असल्यास आक्षेपार्ह मानता येत नाहीत. कलाकृतीचे वाचन आणि अर्थनिर्णयन मात्र यंत्राकडे सोपविता येत नाही. कारण ते वाचन घडावे हाच स्वाध्यायाचा हेतू असतो. ते टाळून मिळविलेले गुण गुणपत्रिकेत उमटतील, पण पुढे वर्गात उभे राहून तीच कविता शिकविताना त्या शिक्षकापाशी स्वतःचे सांगण्यासारखे काही उरणार नाही.

स्वाध्यायाच्या पहिल्या पानावर विद्यार्थी लिहितो ते स्वतःचे नाव हीदेखील एक नाममुद्राच होय. तिच्याखालील प्रत्येक विधानाचे उत्तरदायित्व त्याचेच राहते.