दार्जिलिंगचा चहा आणि खारपाणपट्ट्याचं पाणी

शेगावात राहायचं आणि कचोरीवर चहा घ्यायचा नाही, हे जमणारच नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे माझं मराठी थोडं मिक्स आहे, सांभाळून घ्या. चहाच्या बाबतीत मात्र मी पक्की वऱ्हाडी!

मागच्या सेमिस्टरला मावशीने सिलिगुडीहून दार्जिलिंग चहाचं महागडं पाकीट पाठवलं. सबमिशनच्या रात्री मी ऐटीत तो गंजात टाकला, वरून आलं, साखर, दूध, आणि खळखळ उकळला. रूममेटने घोट घेतला. "हे तं नुसतं गरम पाणी लागते व माय!" मला इतकं वाईट वाटलं, की अभ्यास सोडून मी चहावरच वाचत बसले.

झाड सगळीकडे एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. पण त्याच्या जाती दोन. आसामची पानं मोठी. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली उष्ण, दमट हवा आणि भरपूर पाऊस, म्हणून चहा कडक. त्यात सीटीसी मशीन आलं, 1930 च्या सुमारास, आसाममध्येच. मेकॅनिकलवाल्यांनो, हे तुमच्यासाठी: दातेरी रोलर्सची एक जोडी, दोघांची गती वेगवेगळी. पान त्यात चिरडतं, फाटतं, गोळा होतं. दाणा बारीक, म्हणून रंग झटकन उतरतो आणि दूध-आल्यापुढेही चव टिकते. आपल्या टपरीवरचा चहा साधारण याच घराण्यातला.

दार्जिलिंगची लागवड मुख्यतः छोट्या पानाच्या चिनी जातीची. काही मळे दोन हजार मीटरपर्यंत. थंडी आणि धुक्यात पान हळूहळू वाढतं, सुगंध साठतो. मार्च-एप्रिलची पहिली तोडणी हलकी, फुलांसारखी. मे-जूनच्या दुसऱ्या तोडणीला द्राक्षासारखा वास येतो आणि त्याचं थोडं श्रेय चक्क तुडतुड्यांना! किडीने रस शोषला, की झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं. रूममेटच्या घरी कपाशी असते. तुडतुडे दिसले की तिचे बाबा फवारणीचा पंप काढतात. तिला हे काही पटेना.

उंचीचा फरक बघायचा तर श्रीलंका बघा. एकाच बेटावर नुवारा एलियाचा डोंगराळ चहा हलका, तर खालच्या सखल भागातला गडद. जपानमध्ये हिरवं पान वाफवतात, चीनमध्ये बहुतेक कढईत परततात. म्हणून एकाला समुद्री गवतासारखी चव, दुसऱ्याला भाजल्यासारखी.

एवढं वाचून मी दुसऱ्यांदा कोरा चहा केला. उकळलेलं पाणी पानांवर ओतलं, तीन मिनिटं झाकलं, गाळलं. तरी रंग मातकट आणि वर तवंग! मग ट्यूब पेटली. आपण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात राहतो, आणि मी वापरलं होतं बोअरचं पाणी. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या पॉलिफिनॉल्सशी जुळून तो तवंग तयार होतो, नाजूक चव मारली जाते. कडक सीटीसी दुधासकट हे पचवून नेतो, दार्जिलिंगला ते जमत नाही. म्हणजे चहा कुठे पिकला एवढंच नाही, कुठे उकळला हेही आलंच.

तिसऱ्यांदा आरओच्या कॅनचं पाणी घेतलं. झाकण काढताच खोलीभर वास. रूममेटने कप नाकाशी धरला, घोट घेतला, थोडं थांबली.

"आता लागते काहीतरी," ती म्हणाली. "पण साखर टाक जरा."