संकेतस्थळ उघडत नाहीं तेव्हां दोष कोठें पाहावा

हल्लीं शेतकऱ्याचीं पुष्कळशीं सरकारी कामें संकेतस्थळावर येऊन ठेपलीं आहेत. सातबाऱ्याचा उतारा, पीक-विम्याचा अर्ज, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत पिकाची नोंदहि खातेदारानें स्वतः मोबाईलवरून करावयाची आहे. मुदत संपत आली असतां पान उघडलें नाहीं, म्हणजे आपण गोंधळून तीच कळ पुनः पुनः दाबीत बसतों. हें योग्य नव्हे. शेवटच्या वाफ्यांत पाणी आलें नाहीं तर आपण विहिरीपासून पाट चालून पाहतों व कोठें फुटला तें शोधतों. येथेंहि तोच क्रम ठेवावा.

प्रथम दुसरें एखादें संकेतस्थळ उघडून पाहावें. तेंहि न उघडल्यास दोष आपल्या जोडणींत आहे. इतर उघडून हेंच अडत असेल, तर शेजाऱ्याच्या, निराळ्या कंपनीची जोडणी असलेल्या मोबाईलवर तें पाहावें. तेथें उघडल्यास दोष आपल्याकडे आहे. मग पत्त्यांतील अक्षर न् अक्षर ताडून पाहावें. एक अक्षर चुकल्यानें आपण ठकाच्या दारींहि जाऊं शकतों.

पुढें मोबाईलची तारीख व वेळ पाहावी. सुरक्षित स्थळाच्या प्रमाणपत्रास मुदत असते. आपली तारीख चुकली तर तें प्रमाणपत्र खरें असूनहि बाद ठरतें. तारीख बरोबर असूनहि धोक्याची सूचना येत राहिली, तर बँकेचा खातेक्रमांक मुळींच भरूं नये.

पानावर आंकडा दिसल्यास तो टिपून ठेवावा. ४०४ म्हणजे मागितलेलें पान त्या पत्त्यावर नाहीं. ५०० म्हणजे पलीकडील यंत्रणेंत बिघाड, आणि ५०३ म्हणजे तेथें गर्दी किंवा दुरुस्ती. चारानें आरंभ होणारा आंकडा आला तर प्रथम आपली मागणी तपासावी. पांचानें होणारा आला तर मोबाईल बदलून उपयोग नाहीं, कांहीं वेळानें पुनः पाहावें.

पैसे भरतांना पान अडल्यास लगेच दुसऱ्यांदा भरूं नये. आधीं बँकेची नोंद व अर्जाची स्थिति पाहावी. अडलेल्या पानाचें तारीख-वेळेसह चित्र जपून ठेवावें. तक्रार करतांना तें उपयोगी पडतें.

वाफसा आल्यावर आपण पेरणी लांबवीत नाहीं. तसेंच अर्जाचें काम मुदतीच्या आठ दिवस आधीं हातावेगळें करावें, म्हणजे दोष शोधण्यास अवसर राहील, अशी वाचक बंधूंस आमची विनंति आहे.