युनियनची पावती घेतलीस का गं?

अगं, एवढी घाबरतेस कशाला? महापालिकेच्या सफाईवर ठेकेदारामार्फत लागलीस, पहाटेची हजेरी, पोरांचे डबे, सासूबाईंचं औषधपाणी, आणि त्यात कुणीतरी सांगितलं, "युनियनच्या नादाला लागू नको, काढून टाकतील." खरं सांगू का, एकटीला काढणं सोपं असतं. पन्नासजणी एकत्र उभ्या राहिल्या की मुकादमसुद्धा नीट बोलतो.

तुझं काम हलकं समजू नको. २०१९च्या महापुराचं पाणी ओसरल्यावर कोल्हापुरातल्या गल्लीबोळांतला गाळ उचलायला तुझ्यासारखीच माणसं उतरली होती. ज्यांच्यावर शहर विसंबून असतं, त्यांनी पगारासाठी हात का जोडायचे?

मुंबईतली गोष्ट ध्यानात ठेव. तिथं कचरा वाहतूक श्रमिक संघानं ठेक्यावरच्या २,७०० सफाई कामगारांची बाजू वर्षानुवर्षं कोर्टात लढवली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना कायम करायला सांगितलं. एकटीला एवढं झेपलं असतं का? पण पुढचं ऐक, बघ. यादीतल्या नावांच्या स्पेलिंगमध्ये फरक निघाले आणि त्यातल्या शेकडोंच्या नेमणुका तिथंच अडकल्या. जिंकूनसुद्धा!

म्हणून आज रात्री भांडी आवरलीस की एक पिशवी कर. आधार, बँकेचं पासबुक, ओळखपत्र, मिळेल ती पगाराची चिठ्ठी, सगळं त्यात. प्रत्येक कागदावर नाव एकसारखं आहे का, तपास. माहेरचं एका ठिकाणी आणि सासरचं दुसरीकडं, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे. पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर मागून घे आणि पगारातून कापलेले पैसे खात्यात पडतात का, ते भाचीला मोबाइलवर बघायला सांग. रोजची हजेरी वहीत लिही, तारखेसकट.

आणि हे पाठच कर: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळायला हवा. ठेकेदारानं तो थकवला, तर मूळ मालक म्हणून तो देण्याची जबाबदारी महापालिकेवर येते. कुणी वाईट नजरेनं वागलं, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याप्रमाणं अंतर्गत समितीकडं लेखी तक्रार करता येते. हे सगळं एकटीनं जाऊन मागायचं नाही गं, युनियनच्या पत्रावर मागायचं.

कुठल्या युनियनमध्ये जायचं, ते विचारूनच ठरव. ठेक्यावरच्या बायकांना सभासद करतात का? हिशेब सभेत मांडतात का? युनियनच्या समितीत बायका आहेत का? उत्तरं पटली तर वर्गणी भर आणि पावती घेतल्याशिवाय हलू नको. मग सभेला जा, मागं बसू नको. तुझ्या गल्लीत हातमोजे मिळत नाहीत, हे उभी राहून सांग. आवाज थरथरेल, थरथरू दे. तुला जमतंय, मला माहितीय.